समुद्रकाठच्या पॅरिशची रोजची हवामान-वही कशी ठेवावी?

प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका छोट्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावात, चर्चच्या आवारात रोजच्या हवामानाची नोंद ठेवायची आहे. कोणती साधनं घ्यावीत, ती मनोऱ्यावर लावली तर चालतील का, किनाऱ्यावर वेगळी काय काळजी घ्यावी, आणि ही वही पुढे कुणाच्या खरोखर उपयोगी पडेल का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. वही नक्की उपयोगी पडेल. मात्र जागा, वेळ आणि पद्धत वर्षानुवर्षं तीच राहायला हवी, आणि यातलं काही बदललं तर ते त्याच दिवशी वहीत लिहिलेलं हवं. साधन साधंच असलं तरी चालतं.

माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या दैनंदिन हवामान-नोंदींपैकी एक लिंकनशायरमधल्या ड्रायबी या गावच्या रेक्टरची, म्हणजे चर्चच्या पाद्रीची, विल्यम मर्ल यांची आहे. १३३७ ते १३४४ अशी सात वर्षं त्यांनी ती ठेवली. तापमापक निघायला तेव्हा अजून काही शतकं होती. वारा, पाऊस, थंडी, गडगडाट एवढंच ते लिहीत. तरी त्या काळचे हिवाळे कसे होते हे शोधणारे आजही त्या पानांकडे वळतात.

दुसरं उदाहरण अलीकडचं आहे. १८६० मध्ये जॉर्ज सायमन्स यांनी ब्रिटनभरच्या हौशी निरीक्षकांकडून पावसाचे आकडे गोळा करायला सुरुवात केली. त्या निरीक्षकांत पाद्री होते, डॉक्टर होते, जमीनदारांचे माळीही होते. दर ठिकाणाला दहा वर्षांचा एक कागद आणि त्यावर महिन्याच्या बेरजा, अशी ती दप्तरं साठत गेली. २०२० च्या टाळेबंदीत रेडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी लोकांना आवाहन केलं, आणि सोळा हजारांहून जास्त स्वयंसेवकांनी सुमारे ६६,००० कागदांवरचे पन्नास लाखांहून जास्त आकडे संगणकात उतरवले. त्यामुळे ब्रिटनच्या पावसाची मालिका १८३६ पर्यंत मागे नेता आली, आणि सगळ्यात कोरडं वर्ष १८८७ नसून १८५५ होतं हे कळलं. ज्यांनी ते आकडे लिहिले त्यांच्यापैकी कुणालाही याची कल्पना असणं शक्य नव्हतं. तुमची वहीही अशाच कुणा अनोळखी माणसाच्या हाती पडेल असं धरून लिहा. त्याला तुमचं आवार दिसणार नाही, तुम्हाला काही विचारताही येणार नाही.

आता मनोरा. तिथे पर्जन्यमापक लावू नका. उंच, मोकळी, कुणाचा हात न लागणारी जागा म्हणून तो मोह होतो, पण याचा निकाल अडीचशे वर्षांपूर्वीच लागला आहे. डॉ. विल्यम हेबर्डन यांनी १७६६-६७ मध्ये लंडनला वर्षभर तीन ठिकाणी एकसारखे पर्जन्यमापक ठेवले: वेस्टमिन्स्टर ॲबी या उंच चर्चच्या माथ्यावर, जवळच्या एका घराच्या छपरावर आणि त्या घराच्या बागेत जमिनीलगत. बागेत २२.६ इंच पाऊस भरला, छपरावर १८.१, आणि ॲबीवर फक्त १२.१. माथ्यावर जवळपास निम्माच. कारण बरीच वर्षं कुणाला नीट सांगता आलं नाही. पुढे १८६१ मध्ये इंग्रज अभ्यासक विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी ते वाऱ्यात असल्याचं दाखवलं: भांड्याच्या कडेवरून वारा उसळतो आणि तोंडाशी आलेले थेंब पलीकडे घेऊन जातो. जमिनीपासून वर जाल तसा वारा वाढतो आणि भांड्यात पडणारा पाऊस घटतो.

हे किनाऱ्यावर जास्त लागू आहे, कारण तिथे जमिनीलगतही वारा जोरात असतो. ब्रिटनमधली रूढ पद्धत अशी: पाच इंच व्यासाचा तांब्याचा पर्जन्यमापक, त्याची कड आखूड गवतापासून ३० सेंटिमीटर उंच आणि अगदी समपातळीत. जवळचं झाड, भिंत किंवा इमारत कडेपेक्षा जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर भांडं हवं. चर्चच्या आवारात हे अंतर मिळणं अवघड असतं, कारण एका बाजूला मनोरा आणि दुसऱ्या बाजूला जुनी झाडं असतात. आवारात जमत नसेल तर शाळेचं मैदान किंवा कुणाची मोठी बाग बघा. उलट जागा अगदीच उघडी, कड्यावरची असेल तर भांड्याभोवती मातीचा गोल बांध घालतात. बांधाची उंची भांड्याच्या कडेएवढी, म्हणजे ३० सेंटिमीटर, आतला व्यास सुमारे तीन मीटर, आणि बाहेरची बाजू हळूहळू उतरती. त्यावर गवत धरू द्यायचं. वारा त्या उतारावरून सरळ निघून जातो, भांड्याच्या तोंडाशी उसळत नाही. समुद्राकाठी हा बांध मला कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा मोलाचा वाटतो.

पाऊस मोजताना काचेचं मोजपात्र सपाट जागी ठेवून, डोळा पाण्याच्या पातळीत आणून वाचा. पाणी काचेला कडेने वर चढलेलं दिसतं. वाचायचा तो मधला, खालचा तळ. मोजपात्र त्याच व्यासाच्या भांड्यासाठी आखलेलं असतं, दुसऱ्या भांड्याला ते चालत नाही. ते फुटलं तर दिवस वाया घालवू नका. पाच इंची भांड्यात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण १२.७ मिलिलिटर पाणी, म्हणजेच १२.७ ग्रॅम वजन. बारीक वजनकाट्यावर पाणी तोलून भागाकार केला की आकडा मिळतो. ०.०५ मिलिमीटरपेक्षा कमी ओल असेल तर 'नाममात्र' लिहा, शून्य नको. शून्य, नाममात्र आणि कोरी जागा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत: पाऊस पडला नाही, मोजण्याइतका पडला नाही, आणि कुणी पाहिलंच नाही. दोन दिवस कुणी गेलं नसेल तर तिसऱ्या दिवशी सगळं पाणी एकत्र मोजा, तिन्ही दिवसांना कंस घालून एकच आकडा लिहा. अंदाजाने तो तीन दिवसांत वाटू नका. महिन्याची बेरीज तशीही बरोबर येते, आणि वाटून लिहिलेले आकडे नंतर खऱ्यांपासून ओळखता येत नाहीत.

वेळ सकाळी ९ ची, पण ग्रीनिच प्रमाणवेळेप्रमाणे. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे नेली की तुमच्या घड्याळात ती दहा असेल. घड्याळ बदललं म्हणून वाचनाची वेळ बदलू नका. ९ वाजता मोजलेला पाऊस आणि वाचलेलं कमाल तापमान आदल्या तारखेला लिहायचं, कारण त्या चोवीस तासांतला मोठा भाग कालचा असतो. किमान तापमान मात्र आजच्या तारखेला, कारण ते बहुधा पहाटेचं असतं. भारतीय आकडे पाहायची सवय असेल तर इथे घोटाळा होऊ शकतो. भारतीय हवामान विभाग सकाळी ८:३० ला मोजलेला पाऊस त्याच दिवसाच्या तारखेला धरतो, ब्रिटिश पद्धतीत तो एक दिवस मागे जातो. दोन्ही पद्धती ठीक आहेत. तुमची कोणती ते पहिल्या पानावर लिहा, म्हणजे झालं. संध्याकाळी सोयीचं पडतं म्हणून कमाल-किमान तापमापक दुपारनंतर वाचण्याचाही मोह होतो, तो टाळा. तापलेल्या दुपारी वाचून खूण परत बसवली की तीच दुपार दुसऱ्या दिवसाचंही कमाल ठरू शकते, आणि वर्षाची सरासरी विनाकारण चढते.

तापमापकासाठी पांढरी, दुहेरी झडपांची पेटी हवी. ती दीपगृहं बांधणारे अभियंते टॉमस स्टीव्हन्सन यांनी १८६४ च्या सुमारास मांडली, म्हणून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तापमापकाचा फुगा जमिनीपासून सव्वा मीटरवर, खाली गवत, आणि पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे उघडताना ऊन आत पडत नाही. दगडी भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंत दिवसभर तापते आणि रात्रभर उष्णता सोडत राहते. वाचताना चटकन वाचा, आधी दशांश आणि मग पूर्णांक, कारण आपल्या श्वासानेही पारा किंवा अल्कोहोल हलतं. वर्षभराच्या आकड्यांत .० आणि .५ फार दिसू लागले तर डोळा आळसावला आहे असं समजा.

किनाऱ्यावर यापुढे मिठाची भर पडते. वादळानंतर पेटीच्या झडपांवर पांढरट थर बसतो. मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणून झडपा दमट राहतात. पेटी साध्या पाण्याने धुवा, रंग वेळेवर द्या. आर्द्रतेसाठी ओल्या फुग्याचा तापमापक वापरत असाल तर त्याच्या फुग्याला गुंडाळलेली ओली मलमल इथे आतल्या गावांपेक्षा खूप लवकर बदलावी लागते. मिठाच्या पाण्याची वाफ शुद्ध पाण्यापेक्षा कमी होते, त्यामुळे फुगा हवा तितका थंड होत नाही आणि आर्द्रता खोटी वाढते. आठवड्याला नवी मलमल आणि ऊर्ध्वपातित पाणी हा नियम ठेवा, समुद्राचे तुषार आले की त्याच दिवशी बदला. पर्जन्यमापकातही तुषार जातात. जोराच्या पूर्वेच्या वाऱ्यात, आकाश मोकळं असताना भांड्यात पाणी सापडलं तर त्याचा एक थेंब काचेवर वाळवून बघा. पांढरा डाग राहिला तर शेऱ्यात 'तुषार' लिहा.

वाऱ्यासाठी यंत्र नसलं तरी अडत नाही. फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजासाठी मांडलेली वाऱ्याच्या जोराची ० ते १२ ही श्रेणी आणि पुढे तिला जोडलेल्या जमिनीवरच्या खुणा पुरेशा आहेत: पानं सळसळली, धूळ आणि कागद उडाले, अख्खी झाडं हलू लागली. पूर्व किनाऱ्यावर मात्र एका गोष्टीला जपा. वारा पश्चिमेचा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा असेल तर किनाऱ्यालगतचं पाणी शांत दिसतं, कारण लाट उठायला त्याला अंतरच मिळालेलं नसतं. अशा दिवशी लाटा बघून वारा ठरवलात तर तो दोन-तीन पायऱ्यांनी कमी लिहाल. झाडं आणि झेंडा बघा. दिशा नेहमी वारा जिथून येतो ती. मनोऱ्यावरचा वातकुक्कुट, म्हणजे दिशा दाखवणारा धातूचा कोंबडा, इथे कामाला येतो, पण जुने वातकुक्कुट मिठाने आणि गंजाने अडकतात, आणि मंद वाऱ्यात कालचीच दिशा दाखवत बसतात. खातरीसाठी धुराची रेघ बघा. चर्चची वेदी पूर्वेला असते म्हणून इमारतीवरूनही दिशा ठरवू नका. बरीच जुनी चर्चं खऱ्या पूर्वेपासून थोडी वळलेली असतात. रात्री ध्रुवतारा बघून खरी उत्तर एकदा पक्की करा आणि आवारातल्या एखाद्या न हलणाऱ्या दगडावर खूण करून ठेवा.

ढगांसाठी आकाशाचे आठ भाग कल्पून किती झाकलेत तो आकडा पुरे.

हवेच्या दाबासाठी साधा वायुभारमापक चालतो. समुद्रसपाटीला आणण्यासाठी दर आठ मीटर उंचीमागे साधारण १ हेक्टोपास्कल मिळवा, आणि शांत, स्थिर हवेच्या दिवशी जवळच्या अधिकृत केंद्राशी ताडून घ्या. १८५४ मध्ये सुरू झालेल्या सरकारी हवामान खात्याचे पहिले प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांनी मासेमारी बंदरांना वायुभारमापक पुरवले होते, म्हणजे होड्या बाहेर काढण्याआधी लोक ते बघतील. किनाऱ्यावर दाबाला आणखी एक अर्थ आहे. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी अंदाजे १ सेंटिमीटर चढते. सरासरीपेक्षा ५० हेक्टोपास्कलने, म्हणजे ९६३ पर्यंत, उतरलेल्या वादळात एवढ्याच कारणाने पाणी अर्धा मीटर वर असतं, आणि वाऱ्याने लोटलेलं पाणी त्यावर वेगळं. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रात असं वादळ आणि उधाणाची भरती एकत्र आली. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०० हून जास्त आणि नेदरलँड्समध्ये १,८०० हून जास्त माणसं गेली. म्हणून वहीत भरतीच्या वेळेचा एक रकाना ठेवा, आणि धक्क्याच्या कुठल्या पायरीपर्यंत पाणी आलं तेही लिहा. पंचांगातली भरती आणि प्रत्यक्षातली भरती यांतला फरक तुमच्या गावासाठी दुसरं कुणी लिहून ठेवत नसेल.

आता ज्याच्यासाठी किनाऱ्यावरची नोंद ठेवावी असं मला मनापासून वाटतं ते खारे वारे. वसंतापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत जमीन लवकर तापते आणि उत्तर समुद्र अजून हिवाळ्याची थंडी धरून असतो; त्याचं पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यात थंड आणि ऑगस्टच्या सुमारास सगळ्यात उबदार असतं. सकाळी पश्चिमेची मंद झुळूक असते. मग ती पडते, काही वेळ सगळं थांबतं, आणि पूर्वेकडून पाण्यावर एक काळसर रेघ सरकत येताना दिसते. ती किनाऱ्याला लागली की काही मिनिटांत हवा चार-पाच अंशांनी उतरते. त्या दिवसाचं कमाल तापमान दुपारी न लागता साडेअकरालाच लागून गेलेलं असतं. ९ वाजताच्या वाचनात यातलं काहीच येत नाही. आकड्यांच्या रकान्यात तो दिवस फक्त 'थोडा थंड' दिसतो. म्हणून शेऱ्याचा रकाना रुंद आखा आणि अशा दिवशी त्यात इतकं तरी यावं:

'०९:०० पश्चिम २, ढग १/८. ११:२० वारा पडला. ११:३५ पूर्वेकडून ३, पेटीत १९.१ वरून १४.६. क्षितिज धुरकट. १६:०० आग्नेय ३. १९:०० दक्षिण २, मग शांत.'

दुपारभर वारा पूर्वेकडून आग्नेयेला आणि मग दक्षिणेकडे वळतो तो पृथ्वीच्या फिरण्यामुळे. उत्तर गोलार्धात खारे वारे असे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळतात. रात्री आकाश निरभ्र असेल तर उलट मतलई वारे सुटतात, हलके आणि कोरडे. वारा वळल्याची वेळ हा किनाऱ्यावरच्या दिवसातला सगळ्यात बोलका आकडा आहे, आणि जवळचं अधिकृत केंद्र दहा मैल आत असेल तर तो त्यांच्याकडे नसतो.

हेच वारे कधी कधी धुकं घेऊन येतात. उबदार, दमट हवा थंड पाण्यावरून सरकताना गार होते आणि समुद्रावर धुक्याची भिंत तयार होते. स्कॉटलंडकडे त्याला 'हार' म्हणतात, ईशान्य इंग्लंडमध्ये 'फ्रेट'. गाव त्यात बुडालेलं असतं आणि काही मैल आत लख्ख ऊन असतं. दृश्यता १,००० मीटरच्या खाली गेली तरच 'धुकं' लिहा, त्यावर असेल तर 'धुरकट'. त्यासाठी आधीच ठरलेल्या खुणांची यादी करा: धक्क्याचं टोक, शेजारच्या गावाचा मनोरा, दीपगृह, भूशिर, प्रत्येकाचं अंतर नकाशावर मोजून. रोज ९ वाजता यातलं शेवटचं काय दिसतं तेवढं लिहायचं. धुकं कधी आलं आणि कधी उठलं या दोन वेळा मिळाल्या तर उत्तमच.

समुद्राच्या पाण्याचं तापमान घेणार असाल तर नेहमी धक्क्याच्या त्याच जागेवरून, पुरेशा खोल पाण्यातून बादली भरा, सावलीत ठेवा आणि लगेच वाचा. जुन्या जहाजांवर कॅनव्हासच्या बादल्या असत. वर ओढता ओढता बाष्पीभवनाने त्यातलं पाणी थंड होई, आणि ती तफावत दुरुस्त करण्यात समुद्रशास्त्रज्ञांची बरीच वर्षं गेली. जाड प्लास्टिकची बादली घ्या आणि ती कसली होती हे लिहा.

स्वयंचलित केंद्र घ्यायला हरकत नाही. रात्रीचा वारा आणि पावसाचा जोर कळायला त्याचा उपयोग होतो. पण हाताने वाचायचा पर्जन्यमापक काढू नका. यंत्रातली भरली की उलटणारी छोटी बादली मुसळधार पावसात कमी मोजते, कोळ्याचे किडे आत जाळं विणतात, मिठाने सांधे धरतात. कुठलंही साधन बदलताना जुनं आणि नवं किमान वर्षभर शेजारी-शेजारी चालवा, म्हणजे चारही ऋतूंतला फरक हाती येतो.

लिहायचं जागेवर आणि पेन्सिलने; ओल्या कागदावर शाई पसरते. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा, खोडू नका. घरी आल्यावर आठवून लिहायचं नाही. संगणकात रोज उतरवा, पण मूळ वही जपा.

सुरुवातीलाच किमान तीन माणसांना हे काम शिकवा आणि कोणत्या दिवशी कुणी वाचलं त्याची आद्याक्षरं रकान्यात येऊ द्या, कारण प्रत्येकाचा डोळा थोडा वेगळा असतो. एकट्याच्या जोरावर चाललेल्या वह्या त्या माणसाच्या आजारपणात तुटतात. हौशी निरीक्षकांची संघटना 'क्लायमेटॉलॉजिकल ऑब्झर्व्हर्स लिंक' १९७० पासून सदस्यांचे मासिक आकडे एकत्र करते. तिथे पाठवायला लागलात की चूक दुसऱ्या कुणाच्या नजरेला लवकर येते.

वहीच्या पहिल्या दोन पानांवर जागेचा नकाशा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, प्रत्येक साधनाचा प्रकार आणि ते बसवल्याची तारीख, वाचनाची वेळ, आणि तारीख टाकण्याची पद्धत लिहा. वर्षातून एकदा, त्याच महिन्यात, पर्जन्यमापकापाशी उभं राहून आठही दिशांचे फोटो काढा, म्हणजे कुंपण कधी वाढलं, शेजारी शेड कधी उभी राहिली ते कळतं. वही भरली की एक प्रत पॅरिश कौन्सिलकडे आणि मूळ काउंटीच्या अभिलेखागारात द्या. तिथे आधी पत्र लिहून कोणत्या स्वरूपात घेतात ते विचारून ठेवा आणि कागदही तसाच, आम्लरहित, पहिल्या वहीपासूनच वापरा.